सोळावा रॉड

परवा रात्री साडेअकराला मी मंद्रूपच्या अलीकडं आमच्या रानात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून रॉड मोजत होते. बोअरची गाडी आली होती, तिरुचेंगोड पासिंगची, म्हणजे गाडी तमिळनाडूची, पोरंही तिकडचीच, आणि त्यांच्याशी बोलणारा एजंट तेवढा आपला सोलापूरचा. कॉम्प्रेसरचा आवाज असा की शेजारी बसलेल्या आण्णांशी बोलायचं तर कानात ओरडावं लागत होतं. एक रॉड वीस फुटाचा. एक आत गेला की पोरगा वर चढून दुसरा जोडतो आणि खालचा एकजण गाडीच्या पत्र्यावर खडूनं एक रेघ मारतो. एवढी मोठी मशीन आणि खोलीचा सगळा हिशोब खडूच्या रेघांवर.

मला हसायला येत होतं कारण माझी नोकरीच मुळात खोली सांगायची. सेस्मिक डेटा प्रोसेसिंग. म्हणजे जमिनीत आवाज सोडायचा, खालच्या थरांवर आपटून वर आलेले प्रतिध्वनी ऐकायचे आणि त्यावरून खाली काय, कुठं, किती खोल आहे त्याचं चित्र काढायचं, तेल-गॅस शोधणाऱ्यांसाठी. कोरोनापासून घरूनच काम चालतं, जुळे सोलापुरात वरच्या मजल्यावर. आण्णांचा ठरलेला जोक आहे, आमची पोरगी वरच्या खोलीत बसून खालची खोली मोजती. येईल त्या पाहुण्याला सांगून झालाय.

तर बोअर मारायचं ठरल्यावर सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं आण्णा, मी जे करते त्याला ट्रकभर सामान लागतं, जमिनीतून वर आलेला आवाज टिपणारे शेकडो जिओफोन पसरावे लागतात, तुमच्या चार एकरात दोन-अडीचशे फुटावरची एक भेग शोधायला ते काही उपयोगाचं नाही. मग नेहमीचंच झालं. आधी पाणाड्या आला, तळहातावर नारळ आडवा ठेवून रानभर फिरला, लिंबाच्या झाडापाशी नारळ उभा राहिला, "एकशे ऐंशीला दोन इंची पाणी" म्हणाला आणि दक्षिणा घेऊन गेला. मग मशीनवाला आला, त्यानं लोखंडी खुंट्या ठोकल्या, करंट सोडला, वायर लांब लांब नेत गेला आणि २१० ला एक, ३४० ला दुसरं असे दोन आकडे कागदावर लिहून दिले, सही-शिक्क्यासकट. नारळाबद्दल मला काही बोलायचं नाही, घरात भांडणं नकोत. मशीनची पद्धत मात्र खरी आहे, ओला खडक करंट जाऊ देतो, कोरडा देत नाही. गोची एवढीच की पातळ पण खूप ओला थर आणि जाड पण कमी ओला थर हे दोन्ही वरून मोजताना जवळपास सारखेच दिसतात. म्हणजे त्या कागदावर २१० च्या जागी "एकशे नव्वद ते अडीचशेच्या मधे कुठंतरी" असं लिहायला पाहिजे होतं. पण तसं लिहिलं तर पैसे कोण देणार?

आण्णा म्हणाले, "तो नारळवाला छातीवर हात ठेवून सांगतो, हा शिक्का मारून देतो, आणि तू एवढी शिकलीस तर आकडा विचारला की अंदाजे म्हणतीस."

आता ह्या "अंदाजे"चाच तर मला पगार मिळतो. त्या रात्री रॉड बदलताना कॉम्प्रेसर जरा शांत व्हायचा, तेवढ्या-तेवढ्या वेळात तुकड्यातुकड्यानं त्यांना सांगितलं, ते इथं जरा सलग लिहितेय.

सोलापूर-पुणे एसटी घ्या. समजा तुम्हाला अंतर माहीतच नाही. फक्त एवढं कळलं की माणूस सहाला स्टँडवरून निघाला आणि अकराला स्वारगेटला उतरला. पाच तास. आता अंतर सांगा. गाडी ताशी ५० नं गेली असेल तर २५०, ६० नं गेली असेल तर ३००. घड्याळ कितीही भारी असू दे, अगदी सेकंदापर्यंत बरोबर असू दे, गाडीचा वेग माहीत नसेल तर त्या घड्याळाचा उपयोग नाही. आणि वेग एकच नसतो, टेंभुर्णीपर्यंत पळते, भिगवणला चहाला थांबते, हडपसरात शिरली की बैलगाडी बरी.

सेस्मिकमध्ये अगदी हेच आहे. आवाज खाली गेला, थरावर आपटला, वर आला, त्याला लागलेला वेळ आम्हाला मिलिसेकंदात कळतो. निम्मा करायचा, वेगानं गुणायचं, झाली खोली. वेळ चांगला कळतो. वेग कळत नाही. मातीत सेकंदाला चारशे मीटर, चिखलाच्या मऊ खडकात दोन-अडीच हजार, घट्ट बेसॉल्टमध्ये पाच हजाराच्या वर, आणि खाली काय आहे हेच तर शोधायचंय, मग वेग आणायचा कुठून?

इथं एक फार सुंदर युक्ती आहे, मला कॉलेजात पहिल्यांदा कळली तेव्हा मी त्या दिवशी जेवताना सगळ्यांना सांगत सुटले होते. खालच्या एकाच जागेवर आवाज एकदा सरळ उभा पाठवायचा आणि मग तिरका, मग अजून तिरका. तिरक्या वाटेला जास्त वेळ लागणार. किती जास्त, ते वेगावर ठरतं. म्हणजे वाट वाकडी केली की वेग कबूल होतो. उदाहरण घ्या, थर दीड किलोमीटरवर, वेग सेकंदाला ३००० मीटर. सरळ जाऊन यायला बरोबर १ सेकंद. आवाज सोडायची जागा आणि ऐकायची जागा यात तीन किलोमीटर अंतर ठेवलं तर १.४१४ सेकंद. ४१४ मिलिसेकंदाचा फरक, डोळ्यानं दिसतो. वेग ३००० च्या जागी ३३०० असता तर हाच फरक ३५१ आला असता. म्हणजे चुकायला जागाच नाही म्हणा ना.

आता खोल जा. थर आठ किलोमीटरवर, वेग ४०००, सरळ जाऊन यायला ४ सेकंद. तेच तीन किलोमीटरचं अंतर ठेवा. तिरक्या वाटेला आता फक्त ७० मिलिसेकंद जास्त लागतात, कारण एवढ्या खोलीपुढं तीन किलोमीटर म्हणजे काहीच नाही, वाट जवळपास उभीच राहते. आणि वेग ४००० नसून ४१०० असेल तर? ६६ मिलिसेकंद. फरक साधारण ३ मिलिसेकंदाचा. आमच्या रेकॉर्डिंगमध्ये बऱ्याचदा दर ४ मिलिसेकंदाला एक आकडा असतो. म्हणजे लागोपाठच्या दोन आकड्यांमधल्या अंतरापेक्षाही कमी फरक, त्यात वरून नॉइज. आणि ह्या न दिसणाऱ्या ३ मिलिसेकंदात खोली ८००० वरून ८२०० होते. दोनशे मीटर! (आण्णा: "म्हणजे साडेसहाशे फूट? आणि मशीनवाल्याला नावं ठेवतीस?") बरोबर आहे त्यांचं. म्हणूनच आम्ही खोल थरांसाठी आठ-दहा किलोमीटर लांबपर्यंत ऐकायला बसतो, वाट पुरेशी वाकडी व्हावी म्हणून.

थर एकच असला तर वर सांगितलं तेवढंच. पण खाली थरावर थर असतात आणि तिरक्या वाटेवरून मिळतो तो वरपासून खालपर्यंतचा एक प्रकारचा सरासरी वेग. त्यातून एकेका थराचा वेग काढायचं सूत्र डिक्स ह्या भूभौतिकशास्त्रज्ञानं १९५५ मध्ये दिलं, अजून शिकवतात. त्याचा स्वभाव असा की थर पातळ असला की सरासरीतली छोटी चूक त्या थरात मोठी होऊन बसते. दोन मोठ्या रकमांतून छोटी वजाबाकी काढली की होतं तसं.

बरं, आता माझी फजिती. काही वर्षांपूर्वीची, आधीच्या नोकरीतली, कुठली कंपनी कुठलं बेसिन काही सांगत नाही. आम्ही एका जागेचं चित्र तयार केलं होतं, मी त्यातली व्हेलॉसिटी बघत होते. आमच्याकडं वेग बरोबर आहे का ते बघायची एक पद्धत असते. एकाच जागेची सरळ, तिरकी, जास्त तिरकी अशी सगळी चित्रं शेजारी-शेजारी लावायची, त्याला गॅदर म्हणतात. वेग बरोबर असेल तर सगळ्या चित्रांत थर एकाच खोलीवर दिसतो, रेघ सपाट. वेग कमी धरला असेल तर रेघेची टोकं वर वळतात, जास्त धरला असेल तर खाली पडतात. ऑफिसमध्ये आम्ही हसरा गॅदर, रडका गॅदर म्हणायचो. माझे सगळे गॅदर सपाट होते. म्हणजे पट्टी लावून बघा. मी अभिमानानं सांगितलं, थराचा माथा २८४० मीटरवर. एक आकडा, पुढं-मागं काही नाही. तेव्हा मीही शिक्काच मारत होते.

विहीर खोदली. माथा लागला २७७२ ला.

अडुसष्ट मीटर वर. ज्यांना हे काम माहीत नाही त्यांना वाटेल बरंच झालं की, लवकर लागलं. नाही हो. खोदणारे खोलीवरून प्लॅन करतात, अमुक मीटरला थांबायचं, केसिंग म्हणजे विहिरीच्या भिंतीला आधार देणारा लोखंडी पाइप बसवायचा, सिमेंट भरायचं आणि मग खालचा दाब आवरायला विहिरीत जड चिखल घेऊन दाबाच्या थरात शिरायचं. तो थर सत्तर मीटर आधीच आला तर तयारी नसताना शिरलात. तिथले लोक सावध होते म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवशीच्या कॉलवर मला एकच प्रश्न विचारला, "गॅदर सपाट होते ना?" मी म्हटलं हो. "मग?" त्या "मग"चं उत्तर माझ्याकडं नव्हतं, आणि लाज वाटायची गोष्ट ही की पुस्तकात होतं.

उत्तर असं. कडक भाकऱ्यांची चळत डोळ्यासमोर आणा, आपल्या सोलापूरची. एका भाकरीच्या अंगानं आडवं-आडवं जाणं सोपं, पण वरून खाली जायचं तर एक भाकरी, मधली फट, परत भाकरी, परत फट. शेल नावाचा खडक असाच असतो, पापुद्र्यांचा. त्यात आवाज आडवा जोरात पळतो आणि उभा हळू जातो. आणि आमची युक्ती आठवा, आम्ही वेग काढतो तिरक्या वाटेवरून! म्हणजे त्यात आडव्या वेगाची भेसळ आलीच. खोली काढायला लागतो उभा वेग. आम्ही वापरला जरासा जास्त, म्हणून थर जरासा जास्त खोल दिसला. १९८६ मध्ये लिऑन थॉमसेन ह्या भूभौतिकशास्त्रज्ञानं ह्या भानगडीसाठी काही सोपे आकडे सुचवले, त्यातला डेल्टा, म्हणजे तिरक्या वाटेवरून काढलेला वेग खऱ्या उभ्या वेगापेक्षा किती जास्त येतो ते सांगणारा, हा आमच्या खोलीच्या मुळावर उठणारा. डेल्टा ०.०२५ म्हणजे खोलीत साधारण अडीच टक्के घोळ. २८४० चे अडीच टक्के करा, माझे अडुसष्ट मीटर जवळपास निघाले. आणि सगळ्यात वाईट म्हणजे हा डेल्टा वरून, नुसत्या जमिनीवरच्या रेकॉर्डिंगवरून, कळत नाही. वेग थोडा कमी करा, डेल्टा थोडा वाढवा, गॅदर परत सपाट. दोन्ही मॉडेल, म्हणजे खाली कुठं किती वेग धरायचा त्याचे दोन्ही आराखडे, डेटाला मान्य. खोली वेगळी.

तेव्हापासून कुणी मला सपाट गॅदर दाखवून "बघा, परफेक्ट" म्हणालं की माझ्या पोटात कसंतरी होतं. सपाट गॅदर म्हणजे तुमचं मॉडेल डेटाशी भांडत नाही, एवढंच. अजून किती मॉडेलं भांडत नाहीत ते विचारलंय का?

आपण किती चुकलेलो असू त्याचा अंदाज काढायचा म्हणजे हेच विचारायचं. आता आम्ही करतो ते असं. फायनल मॉडेल घ्यायचं आणि ते मुद्दाम बिघडवायचं, इकडं वेग दोन टक्के वाढव, तिकडं कमी कर, डेल्टा हलव, अशी दोनशे-पाचशे बिघडलेली मॉडेलं तयार करायची. मग प्रत्येकाला तोच डेटा दाखवून दुरुस्त करायला लावायचं. काही परत मूळ मॉडेलपाशी येतात. बरीच येत नाहीत, वेगळ्याच ठिकाणी स्थिरावतात आणि तरी गॅदर सपाट! जी सपाट करत नाहीत ती फेकायची. उरलेल्या प्रत्येकात तोच थर किती खोलीवर येतो ते मांडायचं. दोनशे उत्तरं. ती जिथं दाटीनं येतात तिथं आपण ठाम बोलू शकतो, जिथं पसरतात तिथं गप्प बसायचं, किंवा किमान किती पसरतात ते सांगायचं. कॉम्प्युटर बराच जळतो ह्यात, आणि दरवेळी कुणीतरी विचारतंच, एका चित्राचं काम असताना दोनशे कशाला?

गरिबाची पद्धतही आहे, आणि मला ती जास्त आवडते. भागात सात विहिरी असतील तर एक लपवायची, उरलेल्या सहांवर मॉडेल बसवायचं आणि लपवलेल्या विहिरीत थर कुठं येईल ते आधी लिहून ठेवायचं. मग उघडून बघायचं. असं सातही वेळा. किती चुकलो ते कळतं, कुठलंही गणित न लावता. फक्त एक लबाडी त्यात आपोआप असते, विहिरी बहुतेक जमिनीखालच्या टेकडीच्या माथ्यावर खोदलेल्या असतात, तेल तिथं असतं म्हणून. उतारावर क्वचितच कुणी खोदतं. त्यामुळे उतारावरच्या चुका फारशा मोजल्याच जात नाहीत आणि तुमचा अंदाज फुकटचा चांगला दिसतो.

आणि उतारच महत्त्वाचा असतो हो! हे मला नीट सांगायचंय कारण मीटिंगमध्ये हे नेहमी राहून जातं. जमिनीखालचा तेलाचा सापळा म्हणजे उलटी ठेवलेली कढई. तेल पाण्यावर तरंगत वर येतं आणि कढईखाली अडकतं. आता माझी खोली पन्नास मीटर चुकली, पण सगळीकडं सारखीच पन्नास, तर कढई आहे तशीच्या तशी वर सरकली. तेल तेवढंच. खोदणाऱ्याला त्रास, पण हिशोब शाबूत. उलट चूक फक्त पंधरा मीटरची आहे पण एका अंगाला अधिक पंधरा, दुसऱ्या अंगाला उणे पंधरा, तर कढई कलली. आणि कढईची उंचीच मुळात तीस मीटर असेल तर कललेल्या कढईखालून तेल केव्हाच निसटून गेलं. म्हणजे पन्नासची चूक चालली, पंधराची नाही. म्हणून नुसतं "अधिक-उणे पन्नास मीटर" असं सांगून भागत नाही, ही चूक इकडं झाली तर तिकडंही त्याच बाजूला होणार का, हे सांगावं लागतं. दोनशे मॉडेलांचा खरा फायदा इथं, प्रत्येक मॉडेलात कढई मोजता येते, किती मॉडेलांत ती शिल्लक राहते ते बघता येतं. मी एका प्रोजेक्टमध्ये असं केलं तर जवळपास तिसऱ्या हिश्श्याच्या मॉडेलांत कढईच नव्हती. पुढं पीपीटी झाली त्यात ती स्लाइड मागं अपेंडिक्समध्ये गेली. असो.

आण्णांनी मधेच विचारलं, की हे सगळं तेलाचं, आपल्या इथं खाली काय आहे? आपल्या इथं दगड आहे आण्णा. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, थरावर थर, आज उरलाय तोच पाच लाख चौरस किलोमीटरच्या आसपास. सह्याद्रीकडं जाड, पूर्वेकडं पातळ होत जातो. कोयनेच्या भागात भूकंपाच्या अभ्यासासाठी तीन किलोमीटरचं बोअर मारलं तर तिथं सव्वा किलोमीटर बेसॉल्ट निघाला. इकडं किल्लारीला भूकंपानंतर बोअर मारलं त्यात ३३८ मीटर बेसॉल्ट, त्याखाली फक्त ८ मीटरचा गाळाचा थर, आणि मग एकदम जुना ग्रॅनाइटी खडक. सेस्मिकवाल्यांना हा दगड म्हणजे डोकेदुखी. वरूनच निम्मा आवाज परत फेकतो, उरलेला लाव्ह्याच्या थरांमधे चेंडूसारखा आपटत राहतो, आणि खालून जे येतं ते घोगरं. सौराष्ट्र-कच्छकडं ह्याच दगडाखाली गाळाचे जाड थर आहेत, ते नीट दिसावेत म्हणून लोक वर्षानुवर्षं झटतायत.

शिवाय ह्या दगडाचा वेग एकच नाही. मधला घट्ट काळा फत्तर पाच-साडेपाच हजार, आणि वरचा सच्छिद्र भाग, मधले तांबड्या मातीचे पट्टे एकदम सुस्त. समजा बेसॉल्टमधून जाऊन यायला १६० मिलिसेकंद लागले. सरासरी वेग ५००० धरा, ४०० मीटर. ४५०० धरा, ३६०. ५५०० धरा, ४४०. आणि किल्लारीसारखा ८ मीटरचा थर तर वेगळा दिसायचाच नाही, ३० हर्ट्झचा आवाज आणि ३००० चा वेग म्हणजे लाटेची लांबी शंभर मीटर, तिच्या पावपट म्हणजे पंचवीस मीटरपेक्षा पातळ थराचे वरचा-खालचा असे दोन काठ वेगळे करता येत नाहीत.

किल्लारी म्हटलं की आई बोलायला लागते. ३० सप्टेंबर १९९३, आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, पहाटे चारच्या आत-बाहेर, आमच्या घरात मांडणीवरची भांडी वाजली आणि आजीनं आम्हाला उचलून गल्लीत आणलं. मला एवढंच आठवतं की गल्लीत सगळे चादरी गुंडाळून उभे होते. पुढं शिकायला लागल्यावर कळलं की भूकंप किती खोल झाला हा आकडाही असाच निसरडा असतो. जवळपास स्टेशन नसेल तर "थोडा आधी झाला आणि उथळ झाला" आणि "थोडा नंतर झाला आणि थोडा खोल झाला" ह्या दोन गोष्टी लांबून सारख्याच दिसतात. इथंही तेच, वेळ आणि खोली एकमेकांच्या मागं लपतात.

आणि आपलं कुर्डुवाडी! लोकांना ते जंक्शन आणि जुनी बार्शी लाइट रेल्वे म्हणून माहीत. आमच्या धंद्यात कुर्डुवाडी रिफ्ट म्हणून माहीत. १९७३ मध्ये दोन शास्त्रज्ञांनी गुरुत्वाकर्षणाच्या मोजणीवरून मांडलं की ह्या बेसॉल्टखाली दोन गाडलेल्या खचदऱ्या (रिफ्ट) आहेत, एक कोयनेची आणि एक कुर्डुवाडीची. गुरुत्वाकर्षणाच्या आकड्यांचा स्वभाव मशीनवाल्याच्या करंटसारखाच, वर हलका खडक थोडा की खाली हलका खडक जास्त, उत्तर एक येत नाही. मी दरवेळी रेल्वेनं कुर्डुवाडीवरून जाताना खिडकीतून उगाच खाली बघते.

आपल्या काळ्या मातीचंही सांगते, कारण हे मी स्वतः गणित करून बघितलं आणि चाट पडले. रानात पाच मीटर काळी माती आहे समजा, उन्हाळ्यात भेगाळलेली, वेग सेकंदाला ४०० मीटर. आवाज जाताना साडेबारा मिलिसेकंद, येताना साडेबारा, पंचवीस मिलिसेकंद नुसते मातीत गेले. ही माती मी हिशोबात धरायलाच विसरले आणि सगळं बेसॉल्टच आहे असं समजून ५००० नं गुणलं, तर पंचवीस मिलिसेकंदाचे होतात साडेबासष्ट मीटर. पाच मीटर मातीनं साडेसत्तावन्न मीटरची चूक! आणि एका बाजूला माती पाच मीटर, बांधापलीकडं मुरूम उघडा, म्हणजे खाली सपाट थर असला तरी चित्रात टेकडी उगवणार. मगाचची कढई आठवा.

हे सगळं सांगेस्तोवर तेरावा रॉड चालला होता आणि बाहेर पडणारी भुकटी करड्याची एकदम तांबडी झाली. मग ओली. मग पाणी. गाडीवरचा पोरगा ओरडला, आण्णा उठून उभे राहिले, एजंटानं लगेच खिशातून फोन काढून व्हिडिओ सुरू केला. साधारण २६० फूट. नारळ ऐंशीनं चुकला, मशीन पन्नासनं. आण्णा म्हणाले अजून खाली जाऊ दे, ३४० चं बघू. अजून दोन-तीन रॉड टाकले, पाणी काही वाढलं नाही, अडीच वाजता थांबवलं.

आणि मग लागला वाद. एजंट म्हणाला सोळा रॉड, ३२० फूट. माझ्या मोजणीत पंधरा. पैसे फुटाला. पत्र्यावर रेघा मोजल्या तर सोळा, पण त्यातल्या दोन एकमेकींना इतक्या चिकटलेल्या की एकच रेघ दोनदा गिरवल्यासारखी. मी म्हटलं पंधराच. आण्णा म्हणाले, "मधे तू चहा आणायला थर्मासपाशी गेली होतीस की." गेले होते. अकराव्याच्या आसपास. शपथ घेऊन सांगता येईना. शिवाय शेवटचा रॉड तीन-चार फूट वर उभाच होता, आणि खाली हॅमर-बिटची, म्हणजे खडक फोडणाऱ्या टोकाची, लांबी वेगळी, ती धरायची का नाही?

तेलाच्या विहिरीतही खोली पाइप मोजूनच काढतात, साधारण साडेनऊ मीटरचा एकेक पाइप, तीन किलोमीटरला तीनशेच्या वर, प्रत्येकाची लांबी लिहून ठेवतात. एवढं लोखंड खाली लोंबकळलं की स्वतःच्या वजनानं काही मीटर ताणतंही. वायरवर यंत्र सोडून मोजलं तर वायर ताणते. आणि हे सगळं विसरून आम्ही विहिरीचा आकडा खरा आणि सेस्मिकचा खोटा धरतो, मीही इतकी वर्षं तेच केलं, २७७२ हा आकडा कसा मोजला ते मी कधी विचारलंच नाही.

सकाळी मी नायलॉनच्या दोरीला दगड बांधून बोअरमध्ये सोडला. दोरी सैल झाली २८७ फुटाला. एजंट म्हणाला, मॅडम खाली गाळ बसलाय. बसला असेल. ओली दोरी ताणते, तेही आहे. म्हणजे तीनशेही असू शकतं आणि तीनशे वीसही.

शेवटी चहा पिऊन अर्ध्या रॉडवर मिटवलं. बिलावर ३१० फूट लिहिलंय, आण्णांनी डायरीतही ३१० लिहिलंय, तारीख टाकून. मोटर आम्ही २७५ वर सोडलीय, गाळाच्या वर राहावी म्हणून. सध्या पावणेदोन तास चालते, मग पाणी ओढणं बंद होतं, चार तासानं परत लावायची.